मंठ्याहून टोकियो: एक शहर, एकच मुक्काम

जपानला जायचं घरात ठरलं की कागद-पेन घेऊन यादी सुरू होते. टोकियो, फुजी पर्वत, क्योतो, नारा, ओसाका, हिरोशिमा आणि सगळं मिळून आठ दिवस. एवढ्या लांब जायचं, एवढा पैसा घालायचा, मग काही सुटायला नको, ही त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. तरीही मंठ्यासारख्या गावातून निघणाऱ्या, त्यातही आई-वडिलांना किंवा सासू-सासऱ्यांना सोबत नेणाऱ्या कुटुंबाला माझं आग्रहाचं सांगणं आहे: पहिल्या खेपेला एकच मोठं शहर धरा आणि त्या शहरात एकाच ठिकाणी उतरा. दर दोन दिवसांनी बॅगा भरायच्या, स्टेशन गाठायचं, नवं हॉटेल शोधायचं, यात वडीलधारी माणसं थकतात आणि सहल संपेपर्यंत कुठलंच गाव ओळखीचं होत नाही. टोकियोसारखं शहर दहा दिवसांतही पुरून उरतं.

शहर कोणतं, हे तुम्हाला काय बघायचंय त्यावर ठरवा. जुनी मंदिरं, मूर्ती, लाकडी मठ यांची ओढ असेल तर ओसाका बरं. तिथून रेल्वेने क्योतो अर्ध्या तासावर, नारा पाऊण तासाच्या आत आणि शिंगोन पंथाचं कोयासान हे डोंगरावरचं मठांचं गाव दोनेक तासांवर. कोयासान ज्या वाकायामा प्रांतात आहे, त्या प्रांताशी महाराष्ट्र सरकारने 2013 मध्ये सहकार्याचा करारही केला आहे. मुलगा-सून किंवा लेक-जावई जपानमध्ये असतील तर बहुतेक वेळा ती टोकियोत असतात. मराठवाड्यातून पुण्याला शिकायला गेलेलं पोरगं पुढे टोकियोच्या कंपनीत लागलं, याचं आता गावातही फार नवल वाटत नाही. म्हणून या लेखात टोकियो धरलं आहे.

सगळ्यात आधी तारीख ठरवा, आणि ती आपल्या शेताच्या कॅलेंडरवरून ठरवा. जपानच्या पर्यटनाची पुस्तकं मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जायला सांगतात, कारण तेव्हा टोकियोत साकुराची, म्हणजे चेरीची, झाडं फुलतात. दृश्य खरोखर विलक्षण असतं, पण त्याच आठवड्यांत हॉटेलं सर्वांत महाग असतात आणि बागांत पाय ठेवायला जागा नसते. शिवाय तेव्हा तिथे पहाटे-संध्याकाळी चांगलीच थंडी असते. त्यानंतर 29 एप्रिल ते 5 मे या दरम्यान जपानी सुट्ट्या सलग येतात. त्या आठवड्याला तिथे गोल्डन वीक म्हणतात आणि सगळा देश प्रवासाला निघतो. तो आठवडा कटाक्षाने टाळा. त्यानंतरचे दिवस, म्हणजे साधारण 8 मे ते मेअखेर, हा मंठ्याच्या माणसासाठी माझ्या मते उत्तम काळ. हरभरा, ज्वारी, गहू घरात आलेले असतात, नांगरट उरकलेली असते, मुलांना सुट्टी असते. आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि टोकियोत दिवसा 23-24 अंश. टोकियोत पावसाळी झड सरासरी 7 जूनच्या सुमाराला लागते आणि आपल्याकडे मृगही त्याच वेळी लागतो. तेव्हा मेच्या शेवटच्या आठवड्यात परत आलात तर तिथल्या पावसातूनही सुटता आणि पेरणीच्या तयारीलाही हजर राहता. लग्नसराई आड येते हे खरं, पण घरातलंच लग्न नसेल तर हा काळ सोडू नका.

मे जमत नसेल तर दुसरा पर्याय नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. सोयाबीन निघालेलं असतं, पण कापसाची वेचणी चालू असते, त्यामुळे मागे कोणी बघणारं हवं. टोकियोत तेव्हा गिंको आणि मेपलची पानं पिवळी-लाल होतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र जाऊ नका. तिथला दमट उकाडा मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्या माणसालाही झेपत नाही. सप्टेंबर वादळांचा आणि 29 डिसेंबर ते 3 जानेवारी दुकानं-संग्रहालयं बंद असण्याचा काळ.

आता कागदपत्रं. इथे सर्वांत जास्त वेळ जातो, म्हणून सहलीच्या सहा महिने आधी पासपोर्टचं काम हाती घ्या. अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर भरायचा, जवळचं केंद्र निवडून भेटीची वेळ घ्यायची आणि मूळ कागद घेऊन जायचं. प्रौढांच्या साध्या 36 पानी पासपोर्टचं शुल्क 1500 रुपये आहे, तत्काळसाठी 2000 रुपये अधिक. पोलिस पडताळणी आपल्याच ठाण्याकडून होते. आपल्याकडे घोळ होतो तो नावांचा. आधारवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. आईचं माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर. वडिलांची जन्मतारीख शाळेत घालताना अंदाजाने लावलेली. पासपोर्टचा अर्ज करण्याआधी आधार, पॅन आणि बँक पासबुक या तिन्हींवरचं नाव व जन्मतारीख अक्षर न् अक्षर एक करून घ्या. पुढे व्हिसा, विमानाचं तिकीट, विमा, सगळं त्याच नावावर चालतं.

जपानचा व्हिसा कठीण नाही, पण तो शिस्त मागतो. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात आणि ते व्हीएफएस ग्लोबलच्या केंद्रात द्यायचे असतात. भारतीयांसाठी 1 एप्रिल 2024 पासून पर्यटनाचा ई-व्हिसा सुरू झाला आहे. एका प्रवेशाचा, जास्तीत जास्त 90 दिवस राहण्याचा. हा व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये प्रवेश करावा लागतो, म्हणून फार आधी काढून ठेवू नका. मेच्या मध्याला जायचं तर मार्चअखेरीस अर्ज करणं बरोबर. ई-व्हिसाची एक अट नीट लक्षात ठेवा: विमानतळावर तो फोनवर इंटरनेट चालू ठेवून थेट संकेतस्थळावरून दाखवावा लागतो. छापील प्रत, पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. म्हणजे आई-वडील एकटे जाणार असतील तर त्यांच्या फोनवर ते पान कसं उघडायचं, हे घरी चार वेळा करून घ्या.

अर्जासोबत रोज कुठे जाणार आणि कुठे झोपणार याचा तक्ता, तिकिटाचं आरक्षण, बँकेचे सहा महिन्यांचे उतारे आणि आयकर विवरणपत्रं लागतात. इथे शेतकऱ्याची अडचण होते. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे अनेकांनी विवरणपत्र कधी भरलेलंच नसतं. अशा वेळी सातबारा आणि आठ-अ, बाजार समितीतल्या आडतीच्या हिशेबपट्ट्या, कापूस किंवा सोयाबीन विकल्याची रक्कम ज्या खात्यात जमा झाली त्याचे उतारे, हे सगळं एकत्र जोडा. सोबत एक पानाचं इंग्रजी पत्र द्या, ज्यात शेती किती, पिकं कोणती, वर्षाचं उत्पन्न किती आणि खर्च कोण करणार हे सरळ लिहिलेलं असेल. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. अर्जाच्या आदल्या आठवड्यात कुणाकडून तरी उसने पैसे आणून खात्यात टाकू नका. उताऱ्यात ते लगेच दिसतं आणि शंका निर्माण होते.

मुलाकडेच उतरणार असाल तर वाट वेगळी आहे. नातेवाइकांना भेटण्याच्या व्हिसासाठी मुलाने जपानमधून निमंत्रणपत्र, हमीपत्र, तिथल्या वॉर्ड कार्यालयाचा रहिवास दाखला आणि आपल्या उत्पन्नाचा किंवा कराचा दाखला पाठवायचा असतो. तुम्ही इकडून नातं सिद्ध करायचं. त्यासाठी मुलाचा जन्मदाखला लागतो आणि पुष्कळ घरांत तो काढलेलाच नसतो. मंठा नगरपंचायत किंवा आपल्या ग्रामपंचायतीतून तो आधी काढून ठेवा. जुनी नोंद सापडली नाही तर ती लावून घ्यायला वेळ जातो. मुलाकडे राहणार असूनही पर्यटनाचा अर्ज करून हॉटेलचं खोटं आरक्षण जोडण्याचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. खरं तेच लिहा.

प्रवासाचं गणित मंठ्यातून दोन प्रकारे बसतं. मुंबईहून जायचं तर परतूर स्टेशनवरून रात्री देवगिरी एक्स्प्रेस पकडली की सकाळी मुंबई. किंवा गाडीने वाटूर फाट्यावरून जालना गाठून समृद्धी महामार्गाने. हा महामार्ग जून 2025 पासून नागपूर ते मुंबईजवळच्या आमणेपर्यंत, 701 किलोमीटर, पूर्ण खुला आहे. कसंही गेलात तरी विमानाच्या आदल्या दिवशी मुंबईत पोचा. रेल्वेचा उशीर आणि आंतरराष्ट्रीय विमान यांची गाठ एकाच दिवशी घालू नका. मुंबईहून बँकॉक, सिंगापूर, हाँगकाँग अशा ठिकाणी विमान बदलून टोकियोला जाण्याचे पुष्कळ पर्याय आहेत. दुसरी वाट दिल्लीची. दिल्लीहून टोकियोला थेट विमानं आहेत आणि सुमारे आठ तासांत ती पोचतात. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून दिल्ली गाठता येते, म्हणून वडीलधाऱ्यांसाठी मला ही वाट जास्त सोयीची वाटते. त्या विमानतळाचा विकासही अजिंठा-वेरूळ संवर्धन आणि पर्यटन विकास प्रकल्पातून, जपानच्या कर्जाच्या मदतीने झालेला आहे. परतीचं तिकीट हंगामानुसार माणशी 50 ते 80 हजार रुपयांच्या दरम्यान धरून चाला आणि ते तीन-चार महिने आधी घ्या. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे.

टोकियोला दोन विमानतळ आहेत. हानेदा शहरातच आहे, नारिता सुमारे 60 किलोमीटर दूर. तिकिटात हजार-दोन हजारांचाच फरक असेल तर हानेदा घ्या. उतरण्याआधी 'व्हिजिट जपान वेब' या सरकारी संकेतस्थळावर माहिती भरून ठेवली की इमिग्रेशन आणि कस्टम्सचं काम क्यूआर कोडवर होतं.

मुक्काम कुठे करावा, यावर सगळी सहल अवलंबून आहे. मराठी माणसासाठी माझी पहिली पसंती निशी-कासाई. टोकियोच्या पूर्वेला एदोगावा वॉर्डमधला हा भाग. 2000 साल उजाडताना संगणकांत जो घोळ होण्याची धास्ती होती, तो निस्तरायला भारतातून अभियंते टोकियोत आले आणि त्यांतले पुष्कळजण इथल्या सरकारी गृहसंस्थेच्या इमारतींत राहिले, कारण तिथे घर घ्यायला जामीनदार लागत नसे आणि कार्यालयांच्या भागात जायला थेट मेट्रो होती. आज टोकियोतली सर्वांत मोठी भारतीय वस्ती याच वॉर्डमध्ये आहे. महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये याच एदोगावाच्या वॉर्ड सभेवर निवडून आले, जपानमध्ये निवडणूक जिंकणारे ते भारतीय वंशाचे पहिले. इथे डाळ, तांदूळ, कणीक, मसाले मिळतात, शाकाहारी जेवण मिळतं, आणि आपल्या आईला बाकावर बसल्या बसल्या दुसऱ्या कुणाची तरी आई हिंदीत किंवा मराठीत बोलताना भेटते. स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर ग्योसेन पार्क आहे, त्यात लहान मुलांसाठी फुकट प्राणिसंग्रहालय आणि एक जपानी बाग आहे. ज्या दिवशी आजोबांचे पाय दुखतील त्या दिवशी तिथेच जा.

निशी-कासाईत खोली मिळाली नाही, तर आसाकुसा किंवा उएनोजवळ शोधा. हॉटेल निवडताना एकच कसोटी लावा: मेट्रो स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटं. खोल्या लहान असतात. दोघांच्या खोलीत तिसरा माणूस चालत नाही आणि दर बहुधा माणशी लावला जातो, म्हणून आरक्षण करताना खरी संख्या टाका. दोघांसाठी साध्या हॉटेलची खोली रात्रीला 12 ते 20 हजार येनपर्यंत धरा. अलीकडच्या काही वर्षांत येन 50 ते 65 पैशांच्या दरम्यान राहिला आहे, त्यावरून हिशेब करता येईल. आठ-नऊ रात्रींचं कुटुंबाचं भाडं जड जात असेल, तर परवानाधारक घरगुती निवास बघा, तिथे स्वयंपाकघरही मिळतं.

आता दिवस कसे आखायचे. टोकियो हे स्थळांच्या यादीने आखायचं शहर नाही, रेल्वेच्या मार्गांनी आखायचं आहे. सकाळी एक मार्ग धरायचा, त्यावरचीच दोन ठिकाणं बघायची आणि त्याच मार्गाने परतायचं. जेआर या रेल्वेचा यामानोते मार्ग शहराभोवती गोल फिरतो: 34.5 किलोमीटर, 30 स्थानकं, पूर्ण फेरीला सुमारे एक तास. त्याच्या आत-बाहेर टोकियो मेट्रोचे नऊ आणि तोएईचे चार भुयारी मार्ग. प्रत्येक मार्गाला रंग आणि अक्षर, प्रत्येक स्थानकाला क्रमांक, त्यामुळे जपानी वाचता आलं नाही तरी अडत नाही. पोचल्याबरोबर सुइका किंवा पास्मो कार्ड घ्या, त्यात पैसे भरा आणि दारावर टेकवत चला. सहा वर्षांखालची मुलं मोठ्यांसोबत फुकट, अकरापर्यंतची अर्ध्या तिकिटात. भरपूर फिरायचं असेल त्या दिवसांसाठी परदेशी पाहुण्यांना मेट्रो आणि तोएईचं 24, 48 किंवा 72 तासांचं तिकीट मिळतं. देशभर चालणारा जेआर पास मात्र घेऊ नका. ऑक्टोबर 2023 पासून त्याचा सात दिवसांचा दर 50 हजार येन झाला आहे आणि एका शहरात राहणाऱ्याला तो कधीच वसूल होत नाही.

स्थानकात शिरताना मार्ग जितका महत्त्वाचा, तितकाच बाहेर पडताना दरवाजाचा क्रमांक. शिंजुकूसारख्या स्थानकाला दोनशेहून जास्त दरवाजे आहेत. चुकीच्या दाराने बाहेर पडलात तर अर्धा तास चालावं लागतं. फोनवरचा नकाशा दरवाजाचा क्रमांकही सांगतो, तो बघूनच निघा. घरातले दोघं दोन बाजूंना झाले तर कुठे थांबायचं हेही आधी ठरवून ठेवा: ज्या स्थानकावर चुकामूक झाली तिथेच, तिकीट दरवाजाजवळच्या कर्मचाऱ्याच्या खिडकीपाशी. सकाळी साडेसात ते नऊ गाड्या खचाखच भरतात आणि निशी-कासाईचा तोझाई मार्ग तर त्यासाठी जपानभर प्रसिद्ध आहे. साडेनऊनंतर निघा. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमाराला जाते. त्यानंतर टॅक्सी, आणि ती फार महाग.

याच तोझाई मार्गावर ओतेमाची येतं. तिथे उतरून सम्राटाच्या राजवाड्याच्या पूर्व उद्यानात जाता येतं, प्रवेश फुकट, सोमवार आणि शुक्रवारी बंद. याच मार्गावर आणखी पुढे, कुदानशिता स्थानकाजवळ भारतीय दूतावास आहे, हे लक्षात असू द्या. निहोनबाशीला गाडी बदलून गिंझा मार्गाने उएनो आणि आसाकुसा गाठता येतं. आसाकुसा ते उएनो हा गिंझा मार्गाचा टप्पा 1927 मध्ये सुरू झाला, आशियातली ती पहिली भुयारी रेल्वे. मुलांना रेल्वेची आवड असेल तर निशी-कासाईच्या शेजारच्याच कासाई स्थानकात भुयारी रेल्वेचं संग्रहालय आहे.

आसाकुसाला एक अख्खा दिवस द्या. तिथलं सेन्सो-जी हे टोकियोतलं सर्वांत जुनं मंदिर, परंपरेनुसार 628 सालापासूनचं. मुख्य मूर्ती कान्नोनची, म्हणजे अवलोकितेश्वराची. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेतलेला जो पद्मपाणी आपण पाहतो, तोच हा बोधिसत्त्व. मूर्ती भाविकांना दाखवत नाहीत, पण हे ठाऊक असलेला मराठवाड्याचा माणूस त्या गाभाऱ्यासमोर परका राहत नाही. तिथून सुमिदा नदीच्या काठाने थोडं चालत गेलं की मात्सुचियामा शोदेन हे लहानसं शांत मंदिर लागतं. तिथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपती. मोदकांऐवजी तिथे मुळा वाहतात. प्रवासी कंपन्या इथे सहसा नेत नाहीत, पण महाराष्ट्रातून गेलेल्याने हे चुकवू नये. उएनोच्या बागेतल्या शिनोबाझू तळ्यात बेंतेनचं देऊळ आहे, ती आपली सरस्वती. त्याच बागेत 1872 साली स्थापन झालेलं टोकियो राष्ट्रीय संग्रहालय आहे, बहुधा सोमवारी बंद. आजी-आजोबांना घेऊन जाणाऱ्यांना माझा सल्ला आहे की गगनचुंबी मनोऱ्यांच्या आधी आसाकुसा आणि उएनोचे हे दोन दिवस ठेवा. या देवळांत त्यांना स्वतःला सांगण्यासारखं काही सापडतं, आणि मग उरलेली सहल ते उत्साहाने बघतात.

उंचावरून शहर बघायचं तर 634 मीटरचा स्कायट्री आहे, पण शिंजुकूतल्या टोकियो महानगर सरकारच्या इमारतीचा 202 मीटर उंचीवरचा सज्जा फुकट आहे आणि आकाश स्वच्छ असेल तर तिथून फुजीही दिसतो. हाराजुकूचं मेइजी मंदिर आणि त्याभोवती लोकांनी दिलेल्या सुमारे एक लाख झाडांचं जंगल, आणि तिथून चालत शिबुयाचा चौक, हा आणखी एक दिवस. शहराबाहेर एकदाच जा: कामाकुराचा मोठा बुद्ध, रेल्वेने सुमारे एक तास.

शेतकरी कुटुंबाने एक सकाळ ओता बाजारासाठी राखून ठेवावी. हानेदाजवळचा हा टोकियोचा सर्वांत मोठा भाजी, फळं आणि फुलांचा घाऊक बाजार, 1989 पासून चालू. पाहुण्यांना वरच्या मार्गिकेवरून बघता येतं, पैसे लागत नाहीत. मोसंबीचा माल जालन्याच्या बाजारात नेणाऱ्या माणसाने तिथली प्रतवारी, खोक्यांवरची गावाची आणि उत्पादक संघाची नावं, एकाच मापाची फळं एका खोक्यात बसवण्याची पद्धत बघावी. हे कुठल्याही अभ्यासदौऱ्याइतकं मोलाचं आहे. मोनोरेलने र्‍यूत्सू सेंटर स्थानकावर उतरून जाता येतं. बाजार रविवारी आणि काही बुधवारी बंद असतो, तेव्हा आधी सुट्ट्यांचा तक्ता बघा आणि सकाळी लवकर पोचा.

जेवणाबद्दल शाकाहारी माणसाने भाबडेपणाने जाऊ नये. जपानी रश्श्यात, सूपात, भाजीच्या फोडणीतसुद्धा दाशी नावाचा अर्क असतो आणि तो बहुधा सुकवलेल्या मासळीचा. ताटात मांसाचा तुकडा दिसला नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी, असं नसतं. "मांस, मासे, अंडी आणि मासळीची दाशी आम्ही खात नाही" हे वाक्य तिथल्या ओळखीच्या माणसाकडून जपानीत लिहून घ्या आणि फोनमध्ये ठेवा, दुकानदाराला दाखवा. बौद्ध मठांची शोजिन र्‍योरी नावाची थाळी शुद्ध शाकाहारी असते, कांदा-लसूणही नसतो, महाग असली तरी एकदा घ्यावी. रोजच्यासाठी सरळ योजना अशी की सकाळी खोलीत पोहे किंवा उपमा करून खायचा, दुपारी सोबत घेतलेलं किंवा फळं, आणि रात्री निशी-कासाईत जेवायचं. उपवास असणाऱ्यांनी एकादशीची तारीख बघून सोय करावी. एदोगावातच पिकणारी कोमात्सुना नावाची पालेभाजी मिळते, परतून केली तर पोळीबरोबर चांगली लागते. मांसाहार चालत असेल तर अडचण उरतच नाही.

घरून काय न्यायचं यात कसूर करू नका. आपली मोसंबी, आंबे, कुठलीही ताजी फळं-भाज्या, बियाणं आणि कुठलाही मांसाचा पदार्थ बॅगेत घालू नका. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन असलं, मुलाला ती कितीही आवडत असली, तरी विमानतळावर ती जप्त होते आणि लपवून नेल्याचा ठपका बसतो. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, चिवडा, शंकरपाळे असे भाजलेले-तळलेले कोरडे पदार्थ न्या, आणि कस्टम्सच्या अर्जात खाद्यपदार्थ आहेत असं खरं लिहा.

औषधांचं प्रकरण याहून गंभीर आहे. डॉक्टरांनी दिलेली औषधं एका महिन्यापुरती चालतात. त्याहून जास्त न्यायची तर 'युन्यू काकुनिन-शो' नावाची परवानगी निघण्याआधी काढावी लागते. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन 10 टक्क्यांहून जास्त आहे त्यांना जपानमध्ये बंदी आहे, नाकाने ओढायचा काही प्रकारचा इनहेलरही त्यात येतो, आणि कोडीनच्या खोकल्याच्या औषधांवरही निर्बंध आहेत. आपल्याकडे ही सगळी मेडिकलवर सहज मिळतात, म्हणून नकळत बॅगेत जातात. बीपी, शुगरची औषधं मूळ पाकिटात, इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवा. प्रवास विमा घ्याच. तिथे रुग्णवाहिका फुकट असली तरी दवाखान्याचं बिल पूर्ण भरावं लागतं. पोलिस 110, रुग्णवाहिका आणि अग्निशमन 119. परदेशी पाहुण्यांसाठी जपानच्या पर्यटन संस्थेचा 050-3816-2787 हा क्रमांक चोवीस तास इंग्रजीत मदत करतो.

भूकंपाची भीती घरचे बोलून दाखवतात. किल्लारीची आठवण असलेल्या मराठवाड्यात ती रास्तच आहे. टोकियोत बारीक धक्के नेहमीचे, पण इमारती ते सोसायला बांधलेल्या असतात. धक्का बसला तर धावत बाहेर पडू नका, टेबलाखाली किंवा भिंतीकडेला डोकं झाकून थांबा. आजूबाजूचे लोक काय करतात ते बघा आणि तसंच करा.

पैशांसाठी निघण्याआधी बँकेत कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर सुरू करून घ्या. सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएममधून येन निघतात. देवळात आणि छोट्या दुकानांत रोख लागते. टीप देत नाहीत. रस्त्यावर कचरापेट्या जवळजवळ नाहीत, म्हणून खिशात पिशवी ठेवा. गाडीत फोनवर बोलू नये. दिवसाला दहा-पंधरा हजार पावलं सहज होतात, तेव्हा आई-वडिलांना निघण्याच्या दोन महिने आधीपासून रोज सकाळी चालायला लावा, आणि वापरून मऊ झालेले, पटकन काढता-घालता येणारे बूट द्या. देवळांत, काही उपाहारगृहांत बूट काढावे लागतात.

खरेदीसाठी आसाकुसाजवळच्या काप्पाबाशी गल्लीत स्वयंपाकघराच्या वस्तू आणि जपानी सुऱ्या मिळतात. मोसंबीची बाग असणाऱ्याने जपानी बनावटीची छाटणीची कात्री आणि हाताची करवत आणावी, धार वर्षानुवर्षं टिकते. दोन्ही वस्तू हातातल्या बॅगेत चालत नाहीत, मोठ्या सामानात नीट गुंडाळून द्या. तिथल्या भाजीचं बियाणं मात्र परवानगी आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय भारतात आणता येत नाही, पाकीट कितीही आकर्षक दिसलं तरी ते दुकानातच राहू द्या.